एकेचाळीसावं पान

मकबूले तडक वर्गात आली आणि तिने ते पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं. "बाई, हे तुम्ही शिकवलंत माझ्या मुलीला?"

शिकवलं होतं. जर्मनीत जन्मलेल्या आमच्या तुर्की मुलांसाठी शिक्षण कार्यालयाने नवं मातृभाषेचं पुस्तक काढलं होतं. रूरच्या खोऱ्यातल्या आमच्या शाळेत आठवड्यातून दोन दुपारी बावीस पोरं त्यासाठी थांबायची. एकेचाळीसाव्या पानावर धडा होता, 'माझी आई'. आईला वाचता येत नाही. आई डॉक्टरांसमोर गप्प बसते. खाली प्रश्न: तुझी आई जर्मन का शिकली नाही?

मकबूलेची सेवगुल त्या तासाला पानावर कोपर ठेवून बसली होती. मी तिला म्हटलं होतं, "हात काढ, नीट वाच." ते आठवलं आणि मला माझीच चीड आली.

मकबूले इस्पितळात फरश्या पुसायची. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायकांना तुर्की पेपर वाचून दाखवायची, त्यांचे अर्ज जर्मनमध्ये लिहून द्यायची.

"चला माझ्याबरोबर," मी म्हटलं.

कार्यालयात लेनार्ट्स नावाचे साहेब होते. शांतपणे म्हणाले, "मुलांना स्वतःचं आयुष्य पुस्तकात दिसावं, हा हेतू आहे."

"कुणाचं आयुष्य?" मकबूले जर्मनमध्ये कडाडली. "माझ्या घरी आला होतात कधी? चहा प्यायलात?" पर्समधून लाल पेन्सिल काढून तिने त्यांच्यासमोर धडा तपासला. आमची भाषा रोमन लिपीत, पण तिच्यात टिंबाचा इ वेगळा, बिनटिंबाचा वेगळा. एका पानात सात चुका निघाल्या. "आईला अडाणी म्हणणाऱ्याला आधी लिहिता तरी येऊ दे!"

साहेबांचे कान लाल झाले. "पुढच्या आवृत्तीत बघू."

परतताना ट्राममधून उतरताना ती म्हणाली, "बाई, तुम्ही तरी आधी वाचायला हवं होतं."

वर्षभराने नवी आवृत्ती आली. टिंबं सगळी जागच्या जागी. धडा तसाच, प्रश्नही तसाच.

मी दार लावून घेतलं, ब्लेड काढलं आणि बावीसच्या बावीस प्रतींतून ते पान कापलं. दोन ठिकाणी शेजारचं पानही फाटलं.

मुख्याध्यापकांनी पुस्तक चाळून विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी. माझ्या नावावर लिहा," म्हटलं, "आणि नाव नीट लिहा, टिंबं जागच्या जागी."