रूपाला आणायची गाडी

गुणाला जाऊन पाच महिने झाले. ती माझी बायको. त्या दिवशी तिला ठाण्याच्या दवाखान्यात नेताना काल्हेरच्या पुढे गाडीचं इंजिन जाम झालं. टेम्पो मिळेपर्यंत पाऊण तास गेला. जरा आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी सगळ्यांना सांगितलं, गाडी जुनी होती, इंजिनाने दगा दिला.

माझ्या मुलीला, रूपाला, आठवा लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण आई नसलेल्या घरी ती कशाला येईल, असं भावकीतल्या बायका म्हणायच्या. मी रूपाला फोनवर म्हटलं, "गाडीत दुसरं इंजिन टाकतो. कधीही कळा आल्या तरी गाडी दारात असेल. तू ये."

"आधी गाडी तर होऊ द्या, बाबा," ती म्हणाली. तेवढ्यावर मी दिवस काढत होतो.

दापोड्यात गोदामांच्या मागे जीवन मिस्त्रीचं गॅरेज आहे. गाडी ओढून तिथे नेली. कुर्ल्याहून वापरलेलं पण चालू इंजिन दुसऱ्या दिवशी येणार होतं. त्याआधी हे उतरवायची तयारी करायची होती.

"काका, हिच्यात इंजिन टाकण्यापेक्षा इंजिनाला दुसरी गाडी लावा. स्वस्त पडंल."

"तू काम कर रे."

"करतोय. तुम्ही डिकी खाली करा. इथं उभे राहू नका, ऑइल उडंल पँटीवर, मग काकी..." तो पटकन खाली वाकला.

त्याने बॅटरी काढली. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून आकडा टाकला. "न्हायतर हॉर्न दाबला की वायपर फिरायचा," म्हणाला. मग टब ठेवून रेडिएटरचं पाणी सोडलं. वाटीभर तांबडं पाणी पडलं आणि थांबलं.

"काका, हिच्यात पाणीच न्हाय."

तो टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला आणि मला बोलावलं. खालच्या रबरी पाइपला चीर होती. चिरेवर कापडाची किनार घट्ट गुंडाळून गाठ मारली होती. लूमवर कापडाच्या कडेची जी पट्टी निघते, ती. गुणा निजामपुऱ्यात कारखान्यात कापड तपासायला जायची. त्या पट्ट्या पिशवीभरून आणायची आणि घरातलं सगळं त्यांनीच बांधायची. गाठ तिचीच होती.

"कोणी बांधलं? डोकं हाय माणसाला," जीवन म्हणाला. "पण गळत असणारच. रोज पाणी टाकायला लागत असंल. टाकायचात ना?"

मी कधी बॉनेट उघडलं नव्हतं. मी उठेपर्यंत गुणा गाडी पुसून ठेवायची. मला वाटायचं, नुसती पुसते. एकदा म्हणाली होती, "गाडीला पाणी लय लागतं, दाखवून आणा." मी म्हटलं होतं, बघू. शेवटचे चार दिवस ती तापाने अंथरुणात होती.

मी डिकी खाली करायला गेलो. मला तिथून बाजूला व्हायचं होतं. स्टेपनीमागे पाच लिटरचा तेलाचा कॅन होता, आधी रिकामा वाटला. रिकामा नव्हता. पाण्याने भरलेला होता, झाकणावर तीच किनार बांधलेली.

जीवनने तो पाहिला. "हा गाडीतच होता? अरे काका, काटा लाल झाल्यावर बाजूला घ्यायची. थंड करून हे ओतलं असतं तर..." त्याला गुणाचा तो दिवस आठवला असावा. तो हात पुसू लागला.

"तर काय?"

"काय न्हाय. जुनं इंजिन. कधीतरी जाणारच होतं."

काटा लाल झालेला मी पाहिला होता. गुणाला धाप लागली होती, म्हणून मी थांबलो नाही.

तेवढ्यात रूपाचा फोन आला. "काय झालेलं, कळलं का, बाबा?"

जुनं होतं, एवढंच म्हणायचं होतं. पाच महिने तेच म्हणत होतो. पण तिला याच गाडीत बसवायचं होतं. मी पाणी, पाइप, कॅन, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "आई रोज भरायची. ती आजारी पडल्यावर मला वाटलं, तुम्ही भरत असाल."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"दारातल्या गाडीचं ठाऊक नव्हतं?"

मी कॅनवरच्या गाठीकडे बघत होतो.

"मी इथंच राहते, बाबा. सासूबाई हायत. तुम्ही गाडी घेऊन येऊ नका."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली, आजारी माणसाशी बोलतात तसं.

जीवनने विचारलं, "इंजिन उद्या आणायचं ना, काका?"

"नको आणू."

हात धुवायला म्हणून त्याने कॅनवरची किनार सोडायला घेतली. मी कॅन त्याच्या हातातून काढून घेतला आणि रिक्षात मांडीवर धरून राहनाळला घरी आलो.