सोमवारचा निरंक

मित्रांनो, मी एका आरोग्य उपकेंद्रातली जुनी नोंदवही आहे. माझ्या पुठ्ठ्यावरचं कापड आता विटलं आहे. माझी हकीकत सांगायची मला लाज वाटते, तरी सांगते.

हिंगणघाटच्या एका छापखान्यात माझी पानं आखली गेली, दोऱ्याने शिवली गेली आणि मी वडनेरच्या पलीकडच्या एका लहानशा गावात आले. गावात ताप, हगवण, कावीळ यांचे किती रुग्ण आहेत ते माझ्यात लिहायचं आणि दर सोमवारी तालुक्याला कळवायचं. कुठे आकडा वाढला की साथ येते आहे हे वेळेत समजावं, यासाठी मी होते. एकही रुग्ण नसेल, तर 'निरंक' लिहायचं.

माझ्यात लिहीत ते आरोग्यसेवक पुंडलिकराव. डेंग्यूच्या वर्षी ते उन्हातान्हात घरोघर फिरले, रांजणात वाकून डासांच्या अळ्या शोधल्या आणि तापाचे पहिले चार रुग्ण त्याच दिवशी माझ्यात लिहिले. साथ तिथेच थांबली. तालुक्याच्या सभेत मला वर धरून डॉक्टर म्हणाले, "नोंदवही अशी असावी!" मी फुगून गेले होते.

पुढे पुंडलिकरावांचे गुडघे धरले. घरोघर जाणं कमी झालं आणि माझ्यात 'निरंक' वाढत गेलं. अक्षर मात्र सुरेखच राहिलं, आणि मी त्यातच खूश होते.

पोळ्यानंतरच्या सोमवारी सकाळी गावातल्या आशाताई, म्हणजे घरोघरच्या आजारपणाची खबर ठेवणाऱ्या सेविका देवकाबाई, धापा टाकत आल्या.

"पुंडलिकराव, खालच्या आळीत तीन घरी एकेकाले हगवण लागली. आनंदाबाईले तं उठणंही होऊन नाई राह्यलं. चला, पाहून घ्या."

"सणाचं खाणं बाधलं असन. गोळ्या देतो, नेऊन देजा."

"वहीत तरी लिहा. काऊन नाई लिहून राह्यले?"

"लिहिलं का तालुक्याची टीम येते, मंग दिवसभर तिच्यामागं फिरा. माह्यानं चालणं होत नाई, बाई. उद्या पाहू."

त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, 'निरंक'. मित्रांनो, मला हात नाहीत, तोंड नाही, हे खरं. पण ते खोटं माझ्याच अंगावर होतं, आणि तालुक्याने माझ्यावरच विश्वास ठेवला.

गुरुवारपर्यंत एकवीस माणसं आजारी पडली. आनंदाबाईंना हिंगणघाटला नेत होते, त्या वाटेतच गेल्या.

शुक्रवारी जिल्ह्याहून डॉक्टर समीक्षा आल्या. कोण कधी आजारी पडलं, पाणी कुठलं प्यालं, असं विचारत त्या घरोघर हिंडल्या. सगळे रुग्ण एकाच नळाचे निघाले. त्या नळाचा पाइप नालीतून गेला होता आणि तिथेच फुटला होता. दुपारी तो नळ बंद झाला, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत नवे रुग्ण थांबले.

नळ बंद करवून डॉक्टर उपकेंद्रात आल्या आणि त्यांनी मला उघडलं.

"सोमवारी निरंक? मग पहिला रुग्ण कधीचा?"

पुंडलिकरावांनी दारात उभ्या देवकाबाईंकडे पाहिलं. मग म्हणाले, "सोमवारी तीन होते, मॅडम. या बाईनं मले सांगतलं होतं. मी गेलो नाई." त्यांनी पेन उचलून तो शब्द खोडायला घेतला.

"खोडू नका," डॉक्टर म्हणाल्या. "खाली लिहा."

त्यांनी लिहिलं, 'तीन रुग्णांची माहिती मिळाली होती. मी गेलो नाही.' अक्षर पहिल्यांदाच वेडंवाकडं आलं. देवकाबाई हळूच म्हणाल्या, "सोमवारीच नळ बंद झाला असता तं..." आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

आता मी कपाटात आहे. मित्रांनो, घरात कुणाला जुलाब लागले, ताप आला, तर लपवू नका, आशाताईंना सांगा. आणि उद्या तुमच्या हाती अशी वही आली, तर आधी त्या घरी जाऊन या, मग लिहा. आनंदाबाईंचं नाव माझ्यात आहे. रुग्णांच्या रकान्यात ते कधी आलंच नाही, थेट मृत्यूच्या रकान्यात आलं.