दोन बहिणींची जोडसायकल

ट्रिंग ट्रिंग! हं, आता वळून बघितलंत. मी जोडसायकल. दोन सीटा, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या आणि चाकं मात्र दोनच. मागचं हँडल नुसतं धरून बसायला असतं. मला वळवायचं ते पुढच्याने, आणि ब्रेकही पुढच्याच्याच हातात. आमच्या घरातल्या रामायणाला सुरुवात झाली ती तिथूनच.

माझा जन्म सेंत-एत्येनचा. तिथल्या एका कारखान्यात मला हिरवा रंग लागला आणि रेल्वेने मी बोनला आले. बोनहून मला शां-वेर्नी गावच्या ओक्ताव पेरोने चालवत घरी आणलं. एकट्याने! मागची सीट रिकामी बघून गावकरी दारात उभे राहून ओरडत होते, "काय रे ओक्ताव, बायको वाटेत सांडली की काय?"

ओक्तावचे द्राक्षमळे होते आणि पदरी दोन मुली. "दोघींना वेगळ्या सायकली दिल्या तर दोघी दोन दिशांना पळतील," तो म्हणायचा. थोरली रेमोंद पुढे बसली, धाकटी सोलांज मागे. हे कुणी ठरवलं नव्हतं, थोरली आधी चढली एवढंच. शाळेला, बाजाराला, शेजारच्या म्यूर्सो गावच्या नाचाला आम्ही तिघी मिळूनच जायचो. ट्रक अंगावरून गेल्यासारखा जायचा आणि सोलांज मागून किंचाळायची, "ताई, ब्रेक!" रेमोंद ओरडायची, "तू पाय मार, ब्रेकचं मी बघते!" चढावर सोलांज पाय नुसते फिरवायची, जोर लावायची नाही. ते फक्त मला कळायचं. मी कधी चहाडी केली नाही.

मुली बाया झाल्या, लग्नं झाली. एकाच अंगणाच्या दोन बाजूंना दोघींचे संसार उभे राहिले. मग ओक्ताव गेला आणि मळ्यांची वाटणी आली. टेकडीच्या मधल्या उतारावरचा मळा सोन्यासारखा, आणि खालचा, सडकेकडचा, साधा. चिठ्ठ्या टाकल्या. थोरली म्हणून रेमोंदने आधी हात घातला आणि तिला वरचा मळा लागला.

"पुढची सीट तुझी, आता पहिली चिठ्ठीही तुझीच!" सोलांज सगळ्यांदेखत म्हणाली. "आयुष्यभर तुझी पाठ बघत आले मी. आता पुरे."

"चिठ्ठी काय मी लिहिली होती?"

"हात तर तूच आधी घातलास ना?"

त्या दिवसापासून अबोला. मला तळघरात वाइनच्या पिंपांच्या वर टांगून ठेवलं. पहिली काही वर्षं वाईट वाटलं. नंतर पिंपांमधून येणाऱ्या वासानेच मला जराशी चढायची, तेवढाच विरंगुळा.

तळघराच्या झरोक्यातून अंगण दिसायचं. तिथली गंमत ऐका. दोघींनी मिळून सांभाळलेलं एक कुत्रं होतं, बिजू. दोघी त्याच्याशीच बोलायच्या. रेमोंद म्हणायची, "बिजू, सांग तिला, तिच्या चादरी माझ्या कोथिंबिरीवर ठिबकतायत." कपड्यांच्या दोरीच्या पलीकडून सोलांज म्हणायची, "बिजू, तिला विचार, कोथिंबीर अंगणाच्या मधोमध लावायला कुणी सांगितलं होतं?" बिचारं बिजू शेपूट हलवत मधे उभं राहायचं. दोघींचे नवरे वारले, मुलं शहरात गेली, बिजूही म्हातारं झालं, पण निरोप काही थांबले नाहीत.

मग एका हिवाळ्यात वेली छाटताना रेमोंद बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, जोर मात्र परत आला नाही. अंगणातल्या भिंतीवरची वेल छाटतानाही कात्री तिच्या हातातून गळून पडायची. अशा वेळी ती इकडेतिकडे बघून घ्यायची, कुणी पाहिलं तर नाही ना. सोलांज खिडकीतून पाहत असायची. एके दिवशी ती कात्री घेऊन दारापर्यंत आली, उंबऱ्यावर थांबली आणि परत आत गेली. मला वाटलं, संपलं. या दोघी अशाच जाणार.

पुढच्याच वसंतात गावचे सरपंच शापूझो अंगणात आले. द्राक्षमळ्यांतून जाणारी जुनी बैलवाट गुळगुळीत करून खास सायकलींसाठी खुली व्हायची होती. मोटारींना बंदी. म्यूर्सोच्या वेशीवर फीत कापायची होती, बँडवालेही सांगून ठेवले होते.

"पहिली सायकल तुमच्या ओक्तावची असावी असं गावाचं म्हणणं आहे," सरपंच म्हणाले.

रेमोंदने मनगट पुढे केलं. "याने हँडल धरू?"

"तुम्ही नका त्रास घेऊ हो. बोनच्या क्लबातली दोन माणसं येतात म्हणालीयेत. घट्ट चड्ड्या, काळे चष्मे, एकदम तयारीची."

"बाबांच्या सायकलवर परके?" रेमोंद कडाडली.

"बाबांच्या सायकलवर परके?" नेमक्या त्याच वेळी दोरीच्या पलीकडून आवाज आला. सोलांजच्या तोंडातला कपड्यांचा चिमटा खाली पडला.

मग रेमोंद खाली बघत म्हणाली, "बिजू, विचार तिला. हँडल धरते का?"

सोलांजने चादर नीट केली, उगाच पुन्हा नीट केली. "बिजू, सांग तिला. मागे बसायची सवय नाही तिला. पडली तर मी जबाबदार नाही."

मला खाली काढलं, पुसलं, तेल पाजलं, नवे टायर घातले. ठरल्या सकाळी दोघी सीटवर बसल्या आणि आम्ही निघालो. निघालो कसलं, डगमगलो! सोलांजने उभ्या जन्मात हँडल वळवलं नव्हतं. पहिल्याच वळणावर आम्ही दगडी कुंपणाला घासलो.

"डावीकडे!" रेमोंद मागून ओरडली.

"तू पाय मार, वळणाचं मी बघते!" सोलांजने ऐकवलं. मधे बिजू नव्हतं, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

हळूहळू चाल जमली. काय वाट होती ती! ना धूर, ना हॉर्न. दोन्ही अंगांना वेलींच्या ओळी, त्यांवर कोवळी पालवी, ओळींच्या टोकाला गुलाबाची झुडपं. पोमारची वस्ती मागे पडली. मग रेमोंद एकदम म्हणाली,

"अगं, व्होल्नेचं चर्च मागच्या सीटवरून असं दिसतं? अख्खं गाव टेकडीवर मांडून ठेवल्यासारखं?"

"लहानपणी सडकेवरूनही असंच दिसायचं. तू पाहिलं नाहीस?"

"मी कधी बघणार? मी खड्डे बघत होते."

सोलांजचे डोळे माझ्या पुढच्या चाकाच्या पुढे, हातभर रस्त्यावर खिळलेले. चर्च बघायला मान वळवली असती तर आम्ही तिघी चरात गेलो असतो.

"इथून नुसता रस्ताच दिसतो," ती थोड्या वेळाने म्हणाली.

"मग? तुला काय वाटलं होतं?"

"काय की. काहीतरी जास्त असेल असं वाटायचं."

रेमोंदच्या पायडलांवर एकदम जोर आला. चढ लागला होता, आणि म्हातारीने असा जोर लावला की सोलांजचे पाय आपोआप फिरायला लागले.

चढ संपला आणि उतार आला. खाली म्यूर्सोची वेस, बँड, टोप्या, आडवी ताणलेली तिरंगी फीत, आणि कात्री उगारून उभे असलेले सरपंच. मी वाऱ्यासारखी सुटले. सोलांजचे डोळे विस्फारले आणि ती जीव खाऊन ओरडली, "ताई, ब्रेक!"

"ब्रेक तुझ्या हातात आहे गं, येडे!"

तोवर उशीर झाला होता. बँडवाले पांगले, सरपंच वेलींत शिरले आणि फीत मीच तोडली. तिचा अर्धा तुकडा माझ्या हँडलला फडफडत राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, भाषण राहिलंय!" पण दोघी इतक्या हसत होत्या की थांबणं शक्यच नव्हतं. आम्ही प्युलिन्यी मागे टाकलं आणि थेट सांतनेपर्यंत गेलो. तिथल्या पावाच्या भट्टीवरून त्यांनी चीज घातलेले गरम फुगीर पाव घेतले आणि चर्चच्या पायरीवर बसून खाल्ले. सोलांज म्हणाली, "उद्या सकाळी येते तुझ्या वेली बघायला. खिडकीतून बघवत नाही तुझी ती छाटणी." रेमोंद म्हणाली, "येताना कात्रीला धार लावून आण."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मळ्यांची वाटणी आहे तशीच आहे आणि चिठ्ठीचा विषय अजून निघतो, विशेषतः चढावर. माझा रंग उडालाय, सीटांचं चामडं भेगाळलंय. पण हवा बरी असली की आमची फेरी चुकत नाही.

तुम्हीही कधी त्या वाटेने याल. वेलींच्या मधून दोन म्हाताऱ्यांच्या भांडणाचा आवाज आला की कृपा करून लगेच बाजूला व्हा. सोलांजला ब्रेक अजून नीट लावता येत नाही, आणि रेमोंद तिला शिकवत नाही.