चौथ्या रिळातली रेजिना

"तुझा तो सिनेमा म्हणजे शुद्ध कचरा आहे, काझ," मी म्हणालो. "ड्रम वाजवणाऱ्याचे हात एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. त्यापेक्षा शाळेचं गॅदरिंग बरं."

"असू दे कचरा," काझ साखरेच्या बरणीकडे बघत म्हणाला. "माझं मत त्यालाच."

"मग साखरेला काय सांगतोस? मी इकडे बसलोय."

"तुझ्याकडे बघितलं की तुझं थोबाड दिसत नाही, एमिल. साखरेकडे बघितलं की दिसतं. आणि खरं सांगू का, एवढं काही बघण्यासारखं नाहीये."

लेरॉय खो खो हसला. कॉफी ओतायला आलेली मर्नाही हसली. काझच्या नजरेचा मधला भाग जायला लागून दीड वर्ष झालं होतं. जिथे बघावं तिथे करडा डाग, कडेकडेचं मात्र दिसायचं. त्यामुळे एखादी गोष्ट बघायची असली की तो तिच्या बाजूला बघायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो, कारण दुसरं काय करणार?

दर शनिवारी सकाळी मर्नाच्या हॉटेलात खिडकीजवळचं टेबल आमचं. लेरॉय आणि काझ दोघंही लोरेनच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. मी ओरियन थिएटरात सिनेमा चालवणारा, सत्तेचाळीस वर्षं प्रोजेक्टरच्या त्याच खोपटात. तीस वर्षं आमच्या वादाचा विषय एकच: जगातला सगळ्यांत थोर रॉक अँड रोल सिनेमा कुठला? लेरॉयचा उमेदवार 'सॅमचा हॉर्न'. जॉर्जियातल्या एका नाचघरात नऊ दिवसांत उरकलेला, वाजवणारे सगळे त्याच्यासारखेच कृष्णवर्णीय. "तुमच्या पोरांनी आमचंच उचललं, वर केसांना तेल लावून पडद्यावर मिरवलं," असं तो म्हणायचा. माझा उमेदवार 'गॅरेज', एका पावसाळी इंग्रजी गावातल्या चार पोरांचा. त्यात शेवटपर्यंत कोणीच प्रसिद्ध होत नाही, म्हणून मला तो आवडतो. काझचा उमेदवार कधीच नव्हता. तो न्यायाधीश. त्याची कसोटी एकच: "त्यात कोणाला खरा घाम आलाय का?" त्या एका प्रश्नावर त्याने आमचे दोन्ही सिनेमे हजार वेळा नापास केले होते.

पण त्या शनिवारी नुसत्या गप्पा नव्हत्या. ऑक्टोबरअखेर ओरियन कायमचं बंद व्हायचं होतं. मालकीणबाई मिसेस ग्रीअर मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही तिघं तीस वर्षं भांडताय ना? मग एक काय तो ठरवा. शेवटच्या रविवारी दुपारी तोच लावू, फुकट." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काझने नाव घेतलं, 'शुक्रवारचा धिंगाणा'.

लेरॉयने कप खाली ठेवला. तो सिनेमा टाकाऊ आहे हे सगळं गाव जाणत होतं. आणि त्यात रेजिना आहे, हेही.

"माझं मत काझला," लेरॉय म्हणाला.

"आणि 'सॅमचा हॉर्न'? तुझा मामेभाऊ आहे त्यात!" मी ओरडलो.

"मामेभाऊ मला दिसतो रे. मी तो दहादा बघितलाय. याने एकदाही नाही बघितला."

"प्रिंट ठिसूळ झालीय. मशीनमध्ये टिकायची नाही."

"एमिल," काझ साखरेला म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, वसंतापर्यंत कडेचंही जाईल. मला चांगला सिनेमा नकोय. मला माझी बहीण बघायचीय."

मी तरीही भांडत राहिलो. दिग्दर्शन, आवाज, कथा, जे सुचेल ते बोललो. मर्ना म्हणाली, "आज काय पोटात दुखतंय तुझ्या? दे ना त्या बिचाऱ्याला." चोराच्या मनात चांदणं. बिल न मागवताच मी उठून बाहेर पडलो.

सत्तावन्न साली सिनेमावाले क्लीव्हलंडच्या एका नाचघरात चित्रीकरणाला आले. त्यांना गर्दी हवी होती, म्हणून आमच्या गावातून पोरापोरींच्या दोन बस गेल्या. त्यात काझची धाकटी बहीण रेजिना होती, सतरा वर्षांची. मला ती आवडायची. मी तेव्हा ओरियनमध्ये नुकताच लागलो होतो. सिनेमाला येतेस का, असं विचारलं की ती म्हणायची, "तू त्या खोक्यातून खाली उतरलास की येईन." पुढच्या फेब्रुवारीत सरोवराकाठच्या रस्त्यावर बर्फावरून गाडी घसरली आणि ती गेली. एप्रिलमध्ये सिनेमा आमच्याकडे लागला. चौथ्या रिळात, वाद्यवृंदासमोरच्या गर्दीत, ती होती. साडेचार सेकंद. मान वळवते, दिव्यांचा झोत डोळ्यांवर येतो म्हणून हात कपाळाशी नेते आणि वर बघते. वर तिथे दिवेच असणार. पण मला कायम वाटत आलं की ती माझ्या खिडकीकडे बघतेय.

तिची आई त्या आठवड्यात तेरा वेळा आली. डोक्याला काळा रुमाल, हातात जपमाळ. अवतीभवती पोरं शिट्ट्या मारतायत, खुर्च्यांवर उभी राहतायत आणि ही बाई मधोमध ताठ बसलेली. चौथं रीळ झालं की उठून जायची. काझ मात्र कधीच आला नाही. ती पडद्यावर हलताना दिसली तर ती घरी नाही हे कबूल करावं लागेल, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं.

पुढे तो सिनेमा काढणारी कंपनी बुडाली, प्रिंट परत मागायला कोणी आलं नाही आणि मीही कळवलं नाही. दरवर्षी रेजिनाच्या नामदिवशी, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला, सकाळी मी तिच्या आईसाठी चौथं रीळ लावायचो. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल गावात माझा मानही होता. पण बाकीच्या सकाळी मी ते स्वतःसाठी लावायचो, हे कोणाला माहीत नव्हतं. आठवड्यातून दोनदा, कधी चारदा. तेवढाच तुकडा चालवायचा, हाताने मागे गुंडाळायचा, पुन्हा चालवायचा.

फिल्म अशाने तुटते. तुटली की फाटलेल्या जागची एकदोन चित्रं कापायची आणि टोकं जोडायची, हे आमच्या धंद्यात कोणीही डोळे मिटून करतो. जोड कच्चा असतो, पुन्हा तिथेच तुटतं, पुन्हा दोन चित्रं जातात. सेकंदाला चोवीस चित्रं म्हणजे साडेचार सेकंदांची एकशे आठ. कापलेली चित्रं मी खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत ठेवत गेलो. आपण काय करतोय हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन लावायचोच.

तिच्या आईने शेवटच्या वर्षी मला विचारलं होतं, "पूर्वी जास्त वेळ दिसायची ना रे ती?"

"नाही, मिसेस व्होइचिक," मी म्हणालो, "तेवढीच."

त्या गेल्यावर दोन वर्षांत रेजिना प्रिंटमधून पार संपली. आता ड्रमवाल्यावरून चित्र टुणकन उडी मारून गायकावर जातं. बघणाऱ्याला कळतही नाही. मला मात्र त्या उडीत ती अजून दिसते. कुठलाही सिनेमा लावला, कुठलाही जोड खटकन गेला, की कपाळाशी हात नेलेली एक पोर खिडकीकडे बघून जाते. तीस वर्षं मी त्या खोपटात एकटा बसलेलो नाही.

सोमवारी दुपारी मी काझच्या घरी गेलो. तो ओट्यावर झुलत्या खुर्चीत बसला होता. मी डबी त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं, आईशी खोटं बोललो तेही. त्याने डबी कानाशी नेऊन हलवली. आत चित्रं खुळखुळली.

त्याने डबी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "आई त्या दिवशी घरी येऊन म्हणाली होती, पोर आज घाईत होती. आम्हाला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली."

"काझ, मी..."

"गप्प बस." त्याचा आवाज चढला. "मी सेहेचाळीस वर्षं बघितलं नाही. म्हटलं, आहे ती तिथे, कुठे जातेय. आणि तू रोज थोडी थोडी खात होतास. आणि वर दर शनिवारी माझ्या समोर बसून माझ्या पैशाने केक हाणत होतास."

समोरच्या अंगणात शेजारीण पानं गोळा करत होती. तिने हात केला, मी केला. काझला ती दिसली नाही.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

"चौऱ्याण्णव. काही चुरगळली, आणि दोन मी तुझ्या आईच्या शवपेटीत ठेवली होती. तिच्या हाताखाली."

त्याने तोंडावरून हात फिरवला. मग डबी माझ्या पोटात खुपसली. "जोड."

"अरे, पन्नासएक जोड होतील. मशीनमध्ये अडकेल. चाललं तरी एकदाच, दुसऱ्यांदा नाही."

"मला एकदाच बघायचंय. मी काय तुझ्यासारखा आहे?"

मंगळवारपासून मी कामाला लागलो. माझे हात थरथरतात, म्हणून लेरॉय मदतीला आला. मी त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "तू महामूर्ख आहेस, हे मला ठाऊक होतं. पण एवढा?" आणि कोट काढून बसला. खालून दिवा लावलेल्या काचेवर आम्ही चित्रं मांडली. क्रम कशावरून लावायचा? हातावरून. इथे हात खांद्याशी, इथे कानाशी, इथे भुवईपर्यंत पोचलेला. चार दुपारी आम्ही दोन म्हातारे त्या पोरीचा हात बोटाबोटाने वर नेत होतो. शुक्रवारी लेरॉय भिंगातून बघता बघता थांबला.

"काय झालं?"

"वरच्या ओठावर बघ तिच्या," तो म्हणाला. "चकाकतंय. घाम आहे, एमिल. खराखुरा."

मी हजारो वेळा तिला बघितलं होतं, पण ते कधी बघितलं नव्हतं.

रविवारी दुपारी साठेक माणसं जमली. मिसेस ग्रीअरनी मक्याच्या लाह्या फुकट वाटल्या. मर्ना हॉटेल बंद करून आली. सिनेमा चालू झाला आणि लोक हसायला लागले, कारण तो खरंच कचरा होता. ड्रमवाल्याची काठी वर असताना खालून धबधब आवाज येत होता. काझ तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी मांडीवर. शेजारी लेरॉय. चौथं रीळ मी मशीनवर चढवलं तेव्हा माझ्या तळहातांना घाम सुटला होता. एक जोड जरी निसटला असता तरी दिव्यासमोर फिल्म जळली असती, आणि तिच्याबरोबर रेजिनाही.

गाणं सुरू झालं. गर्दी आली. पहिला जोड कट्ट वाजून गेला, मग दुसरा. मग एकामागोमाग एक, शिवणाचं जुनं मशीन चालावं तसे. एक हात मी फिल्मवर धरला होता आणि डोळे खिडकीला लावले होते, पण पडद्याकडे नाही. मला काझ बघायचा होता.

लेरॉयने त्याला कोपर लावलं आणि बरोबर त्या क्षणी त्याने मान फिरवली. पडद्याकडून पार उजवीकडे, भिंतीवरच्या बाहेर जायच्या लाल दिव्याकडे. मागच्या रांगेतल्या बाईने त्याच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "अहो, सिनेमा समोर आहे." तो हलला नाही. लाल दिव्याकडे बघत, ताठ बसून, तो मनातल्या मनात मोजत असावा, कारण मांडीवरच्या टोपीवर त्याचं बोट हळूहळू आपटत होतं. कट्ट, कट्ट. पन्नास जोड माझ्या बोटांखालून गेले. एकही सुटला नाही.

मग गायक आला आणि लोक पुन्हा हसले. काझने मान सरळ केली आणि उरलेला सिनेमा संपेपर्यंत तो समोर बघत बसला, जिथे त्याला काहीच दिसत नव्हतं.