वेसेलिनचं झाड

स्तामेना दर जूनला सुत्येस्काच्या जंगलात यायची, ती भावाची जागा शोधायला. महायुद्धात इथल्या लढाईत जखमी झालेल्या त्या भावाला, वेसेलिनला, तिनं आणि आणखी दोघांनी घोंगडीत घालून या डोंगरात आणलं, तेव्हा ती पोरसवदा होती. एका मोठ्या बीच वृक्षाखाली त्यानं प्राण सोडला. वरून विमानं घिरट्या घालत होती. हातांनीच माती उकरून त्याला पुरलं आणि तिघं पुढे पळाली. धबधब्याचा आवाज तेवढा लक्षात राहिला. पण इथे धबधब्याचा आवाज सगळीकडेच येतो, आणि बीचची तर गणतीच नाही.

पूर्वी बसा भरून लोक यायचे, शाळेची पोरं त्या लढाईच्या स्मारकाशी गाणी म्हणायची. पुढे पन्नासेक वर्षांनी देशातच पेटलेल्या युद्धानं ते सगळं संपलं. उरली ही एकटी. राष्ट्रीय उद्यानाचा रखवालदार ओब्रेन तिला वर न्यायचा. त्याच्याशिवाय या रानात कुणाला सोडत नसत. त्याचेही गुडघे आता कुरकुरत होते.

यंदा निघताना वहिनीनं हात धरला होता. वेसेलिनची बायको मिलुन्का; लग्नानंतर महिनाभर संसार केला, पुढे जन्मभर नणंदेजवळ राहिली. आता अंथरुणाला खिळलेली. "या खेपेला सापडू दे गं," एवढंच ती म्हणाली.

दुपार झाली. चढ चढता चढता स्तामेनाचा श्वास पुरेना. वाटेतल्या एका जुन्या झाडाच्या मुळावर ती टेकली. पिशवीतून मेणबत्ती काढून लावली, पाव मोडला, भावाच्या नावानं थोडी रकिया, घरची फळांची दारू, मातीवर ओतली.

ओब्रेननं आधी झाडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मावशी, हेच का ते?"

"नसेल."

"मग थोडं वर जाऊन बघू या?"

"नको रे बाबा. शोधता शोधता मी म्हातारी झाले आणि तो एकोणीसचाच राहिला. कुठेतरी बसावंच लागतं."

 टोपी काढून ओब्रेनही शेजारी बसला. मेणबत्ती जळून जाईपर्यंत दोघं तिथेच होती.

घरी पोचली तेव्हा मिलुन्का जागीच होती. स्तामेनानं बूट काढले, पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "सापडला."

मिलुन्कानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काय कळलं, काय नाही, देव जाणे. मग तिनं विचारलं, "सावली आहे का तिथे?"

"दाट आहे."

"बरं झालं. ऊन सोसायचं नाही त्याला," मिलुन्का म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली. पुढच्या जूनला जायचं का, हे तिनं विचारलं नाही. स्तामेना तिच्या पायाशीच आडवी झाली.