हेन्कसमोर लाजणारी गाडी

श्यामकांतच्या पत्राला मी दीड वर्ष उत्तर दिलं नाही. विसरलो होतो असं नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं, निदान रोज सकाळी दात घासताना ते आठवलं तरी नसतं.

श्यामकांत आमच्या पॉलिटेक्निकमध्ये मोटारींच्या वायरिंगचा मास्तर होता आणि मी तिथलाच ग्रंथपाल. निवृत्तीनंतर तो कराडला गेला. तिथून त्याने एक दोनशे पानी वही पाठवली आणि सोबत पत्र: "उल्हास, तीस वर्षं पोरांना जे शिकवलं ते लिहून काढलंय. जे बिघाड येतात आणि जातात, मेकॅनिकसमोर कधीच दिसत नाहीत, ते कसे पकडायचे याविषयी. याचं पुस्तक होईल का? तू सगळं आयुष्य पुस्तकांत काढलंस, तूच सांग. फोन करू नकोस. फोनवर तू सगळ्यांना होच म्हणतोस. लिहून कळव."

वही मी तीनदा वाचली. भाषा सरळ, अक्षर देखणं. पण मजकूर खरा की खोटा हे मला कसं कळावं? घरातला फ्यूज उडाला की मी मेणबत्ती शोधणारा माणूस. न समजता "छान आहे" लिहिणं म्हणजे मित्राला फसवणं. "मला यातलं कळत नाही" असं लिहायलाही धीर झाला नाही, कारण त्याला ते "वही वाईट आहे" असं ऐकू आलं असतं. असं करत मी गप्प राहिलो, आणि माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्याने काय लावला असेल ते मला चांगलं माहीत होतं. वहीवर मी एकच काम केलं. जुन्या सवयीने लाल पेन्सिल घेतली आणि सातव्या नियमातली शेवटची ओळ फापटपसारा म्हणून खोडली.

यंदा मार्चमध्ये मी तीन महिन्यांसाठी मुलीकडे, नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी आलो तेव्हा वही बॅगेत होती. मृणालिनी आणि जावई रुचिरराव दोघंही आइंडहोव्हनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतात. केसाच्या हजाराव्या भागाइतकी चूक ते दिवसभर शोधतात. असं काम करणाऱ्या रुचिररावांनी पाडव्याच्या मुहूर्तावर पस्तीस वर्षं जुनी, लाल, दोनच माणसं मावणारी स्पोर्ट्स कार आणली. ती इतकी बुटकी की तिच्यात बसणं म्हणजे पाटावर बसणं. तिचे हेडलाइट मिटलेले असतात आणि बटण दाबलं की बेडकासारखे वर येतात.

गाडीची पूजा झाली. मी पुण्याहून आणलेला पितळी गणपती डॅशबोर्डवर मधोमध बसवायचा होता. रुचिररावांनी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप काढली.

"टेपवर देव?" मी म्हणालो. आयुष्यात फार थोड्या वेळा मी ठामपणे बोललो आहे. त्यातली ही एक.

"बाबा, ही टेप खूप स्ट्राँग असते."

"पण स्क्रू तो स्क्रू." आणि डब्यातला सगळ्यांत लांब स्क्रू मीच निवडून दिला.

रुचिरराव मला शेजारी बसवून रोज फिरवायला नेऊ लागले आणि चारच दिवसांत गाडीला वेड लागलं. भर दुपारी हेडलाइट टपकन उघडायचे आणि मिटायचे. आकाश निरभ्र असताना वायपर एक हात फिरवून गप्प व्हायचा. टाकी जवळजवळ रिकामी असताना पेट्रोलचा काटा थेट "पूर्ण"वर उडी मारायचा आणि दोन सेकंदांनी लाजून खाली यायचा. आधीचा मालक, एक वृद्ध डच गृहस्थ, फोनवर शपथेवर सांगत होता की त्याच्याकडे असं कधीच झालं नाही.

"गंडवलं म्हाताऱ्याने," रुचिरराव म्हणाले.

गावातला हेन्क नावाचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला. त्याने बॅटरी तपासली, फ्यूज तपासले, अर्थिंगच्या तारा घासून लख्ख केल्या. त्याच्यासमोर गाडी शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी वागली. हेन्कचं म्हणणं एकच: दिसेल तेव्हा बोलवा.

जूनच्या मध्यात मृणालिनीने निर्णय दिला. "रुचिर, हायवेवर डोळे मिचकावणारी गाडी मला दारात नको. मी ॲड टाकलीये. शनिवारी दहा वाजता एक जण बघायला येतोय."

"अगं, पण फॉल्ट सापडला तर?"

"सापडला तर ठेव. तीन महिने झाले, सापडला का?"

त्या रात्रीच्या जेवणात रुचिरराव नुसतं वरण चिवडत होते. मला त्यांचं वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला दुसरंच सुचलं होतं. येणारा-जाणारा बिघाड! श्यामकांतची वही खरी की खोटी हे कळायची अशी संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. गाडी शनिवारी गेली असती, पुढच्या आठवड्यात मी गेलो असतो, आणि श्यामकांत कराडला बसून वाट बघत राहिला असता.

"मी एक प्रयत्न करून बघू का?" असं मी विचारलं तेव्हा मृणालिनीच्या हातातला डाव थांबला.

"बाबा, तुम्ही? तुम्हाला मिक्सर लावता येत नाही."

"मी नाही. श्यामकांत करेल. मी फक्त नोंदी ठेवेन."

वहीचा पहिलाच नियम होता: काहीही उघडू नका, आधी लिहा. बिघाड दिसला की जागा, वेळ, हवा, वेग, रस्ता, सगळं लिहा. तारांना हात लावण्याआधी किमान बारा नोंदी हव्यात. नोंदी! हे तर माझं क्षेत्र. मी पोस्टकार्डाएवढे जाड कागद कापले, डाव्या कोपऱ्यात क्रमांक घातले आणि सोमवारपासून रोज संध्याकाळच्या फेरीत रुचिररावांशेजारी नेहमीसारखाच, पण मांडीवर पुठ्ठा घेऊन बसू लागलो. बुधवार रात्रीपर्यंत बारा कार्डं भरली. कार्ड दोन: चर्चजवळ, कोरडी हवा, हेडलाइट. कार्ड पाच: पवनचक्कीजवळ, पाऊस, वायपर. कार्ड आठ: शाळेपुढचा स्पीडब्रेकर, पेट्रोलचा काटा. कार्ड अकरा: कालव्यावरचा पूल, सगळं एकदम.

"चर्च, पवनचक्की, शाळा," मृणालिनी कार्डं चाळत म्हणाली. "गाडी आहे की टूरिस्ट?"

सहावा नियम सांगत होता की बिघाड झाला नाही तर त्याचंही कार्ड करा. म्हणून गुरुवारी संध्याकाळी आम्ही हेन्ककडे गेलो. रुचिरराव त्याच्या वर्कशॉपपाशी उभे राहिले, हेन्क चालवायला बसला आणि मी शेजारी. मला डच येत नाही, हेन्कला इंग्रजी जेमतेम. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो आणि नंतर मी मांडीवर हात ठेवून ताठ बसलो. चर्च आलं, पवनचक्की आली, शाळेपुढचा स्पीडब्रेकर आला, पूल आला. काही नाही. हेन्कने परत येऊन हात झटकले. मी तेरावं कार्ड केलं: घडले नाही.

घरी परतताना पवनचक्कीपाशी हेडलाइट टपकन उघडले.

"हिला हेन्कचीच लाज का वाटते!" रुचिररावांनी स्टिअरिंगवर थाप मारली.

"मला समजतं तिचं," मी म्हणालो. "डॉक्टरांसमोर गेलं की माझंही दुखायचं थांबतं."

शुक्रवारी सकाळी दोघं ऑफिसला गेली. मी जेवणाच्या टेबलावर कार्डं मांडली. एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला एकटं तेरावं. तोच रस्ता, तोच वेग. बारा कार्डांवर चालक रुचिर, तेराव्यावर हेन्क. म्हणजे रुचिररावांचं चालवणं वाईट? हे जावयाला कोण सांगणार? मी घाबरून वही उघडली, कुठे पळवाट मिळते का बघायला. सातवा नियम: गाडीत कोण कोण होते ते लिहा. आणि त्यापुढे माझ्या लाल पेन्सिलीखालून डोकावणारी ओळ: "नोंद करणाऱ्याने स्वतःचीही नोंद करावी: तो कुठे बसला होता, त्याचे हात कुठे होते."

माझे हात.

चर्च दिसलं की मी नमस्कार करतो. देव कुणाचाही असो, आपलं काय जातं. पवनचक्की देऊळ नव्हे हे मला माहीत आहे, पण जुनी, उंच आणि एकटी वस्तू दिसली की माझा हात जातोच. स्पीडब्रेकर आणि पूल यांच्यावर मी भीतीने "मोरया" म्हणतो. आणि दर वेळी गणपतीच्या पायांना हात लावतो. इथे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे मधोमध बसलेला गणपती माझ्या डावीकडे; देवाला डावा हात कसा लावायचा, म्हणून मी वळून, उजवा हात लांबवून, सगळा भार त्याच्यावर टाकतो.

हेन्कशेजारी मी हे काहीच केलं नव्हतं. परक्या माणसासमोर मला संकोच वाटला. नमस्कार मी मनातल्या मनात केला होता.

चावी खुंटीवर होती. गाडीत बसून मी इंजिन न लावता नुसती चावी फिरवली आणि गणपतीच्या पायांवर बोट दाबलं. हेडलाइट उघडले. बोट काढलं, मिटले. पुन्हा दाबलं. समोरच्या घरातली बाई कुत्र्याला घेऊन निघाली होती, ती थांबून बघू लागली. मी तिच्याकडे पाहून मान झुकवली आणि गडबडीत पुन्हा दाबलं. वायपरने तिला हात केला.

मग वाटलं, सांगायलाच हवं का? स्क्रू मी निवडला होता, दाबत मी होतो. शनिवारी गाडी गेली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण मग श्यामकांतला काय लिहिणार? अर्धी नोंद?

मी चौदावं कार्ड लिहिलं. बसलेला: उल्हास. हात: गणपतीवर. ते रुचिररावांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि ते येईपर्यंत वर्तमानपत्र उलटं धरून बसलो.

त्यांनी कार्ड वाचलं. माझ्याकडे पाहिलं. धावत बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं: हेडलाइट उघड, मीट, उघड, मीट. मृणालिनी दारात उभी राहून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"म्हणजे फॉल्ट तुम्ही आहात, बाबा!"

"वहीत तसंच लिहिलं आहे," मी म्हणालो.

गणपती काढल्यावर दिसलं ते असं: स्क्रूचं टोक आत तारांच्या जुडग्यात शिरून तीन बारीक तारांची सालं खरवडून बसलं होतं. वरून दाबलं की त्या तारा मागच्या लोखंडी पट्टीला टेकत. रुचिररावांनी तारांना चिकटपट्टी गुंडाळली आणि गणपती टेपने बसवला. टेपचा तुकडा मीच कापून दिला. मृणालिनीने शनिवारच्या माणसाला नको म्हणून कळवलं. हेन्कला फोन करून सगळं सांगितलं तेव्हा त्याने विचारलं की त्या देवाला डावा हात लावलेला चालत नाही का.

शनिवारी सकाळी मी पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: "श्यामकांत, पुस्तक होईल. हे मी फोनवरच्यासारखं म्हणत नाही, पुराव्यानिशी म्हणतो. सोबत चौदा कार्डं. सातव्या नियमातली शेवटची ओळ मी खोडली होती. ती तशीच ठेव, शक्य तर ठळक छाप. 'बॅटरी' हा शब्द तू तीन तऱ्हांनी लिहिला आहेस, तेवढं मी बघतो. दीड वर्ष लावलं. वही वाईट होती म्हणून नव्हे, मी असा आहे म्हणून."

कोपऱ्यावरच्या केशरी टपालपेटीला दोन तोंडं होती. डावीकडच्यावर आकडे, उजवीकडच्यावर डच शब्द. मी पाकीट हातात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत उभा राहिलो, आणि घरी जाऊन विचारून यावं असं ठरवत होतो. तेवढ्यात ती कुत्रावाली बाई आली. तिने पाकिटावरचं "इंडिया" वाचलं आणि उजवीकडे बोट दाखवलं. मग गाडीकडे बघून तिने दोन्ही डोळे मोठे करून मिटले.

मी उजव्या हाताने पाकीट आत सोडलं.