चार शीलांचा फौजी

"आता नवरीचे वडील परसरामजी आपल्याले त्रिशरण-पंचशील देतील!" नवरदेवाचे काका संघपाल यांनी माइकवर जाहीर केलं आणि मोकळे झाले. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांची मोटारसायकल साकोलीपाशी बंद पडलेली, मांडवातली माणसं भुकेने चुळबुळत असलेली, आणि दिघोरीत परसरामइतकं तोंडपाठ दुसऱ्या कोणाला होतं? संघपाल बाहेरगावचे. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!

परसराम तडक मांडवाच्या मागे निघून गेला. त्याच्या मागोमाग त्याची बायको रत्नमाला आणि पांढऱ्या साडीतली नवरी, त्यांची एकुलती एक रुचिता.

"तुमचा घसा बसला म्हून सांगून देते मी," रत्नमाला म्हणाली. "दुसरा कोणी देईन."

कारगिलहून आल्यापासून, म्हणजे गेली पंचवीस वर्षं, परसरामने पहिलं शील उच्चारलं नव्हतं. जीव घेणार नाही, असं सांगणारं ते शील. विहारात त्या ओळीवर आलं की नेमका त्याला खोकला यायचा आणि रत्नमाला आवाज चढवून दोघांचं एकटीच म्हणायची. गावाने आपला अडुळसा सुचवला, ज्येष्ठमध सुचवलं. बाकीची चार शीलं मात्र हा गडी खणखणीत म्हणायचा, आणि पाळायचाही. त्याच्या बरोबरीचे दोन फौजी दारूत बुडाले; याने थेंबाला हात लावला नाही. छातीत धडधडायला लागलं की झाडू घ्यायचा आणि विहार झाडायला जायचा. अहो, दिवसातून तीन-तीनदा झाडलाय त्याने तो विहार!

"बाबा, थे पहिलंच काहून नाही म्हणत तुमी?" रुचिताने विचारलं. इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.



"माणूस मारला म्या, बेटा. समोरासमोर. तुह्याएवढाच असन. अंगात घरी विणलेलं स्वेटर होतं त्याच्या. म्या नसता मारला तं त्यानं मले मारलं असतं, हे समजते मले. पण पहिलं शील कोणत्या तोंडानं म्हणू? पहिलं म्हटलं का चौथं मोडते. खोटं बोलणं होते थे."

"मंग माहं लगन चार शीलावरच लागन काय?"

परसराम जायला वळला, तशी तिने त्याची बाही धरली.

"आंधी खरं सांगा," पोरगी म्हणाली. "मंग म्हणा."

"भर मांडवात?" रत्नमाला घाबरली. "अवं माय, व्याही काय म्हणतील?"

"म्हणू दे," परसराम म्हणाला आणि माइककडे चालू लागला. चढाईच्या वेळी वाटली नव्हती इतकी भीती त्याला आज आपल्याच माणसांसमोर वाटत होती.

"जय भीम," तो म्हणाला. "पंचशील देण्याच्या आंधी एक सांगाचं आहे. कारगिलच्या लढाईत म्या एका माणसाले मारलं."

झालं! मांडवात टाळ्यांचा कडकडाट. मागून कोणीतरी शिट्टी मारली. संघपाल तर उठून उभेच राहिले, "वा रे वाघा!"

परसरामने हात वर केला.

"टाळ्या नोका वाजवू जी. त्यालेही माय असन. तवापासून म्या पहिलं शील घेतलं नाही. मले खोकला नाही, बिमारी नाही. लाज होती. आज पोरीच्या लग्नात थे शील घेऊन राहिलो. घेतलं का जिवात जीव आहे तवरी मोडणार नाही."

संघपालांचे हात टाळीसाठी उचललेले होते, ते त्यांनी तसेच जोडले आणि हळूच खाली बसले.

परसराम बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे वळला. त्याने त्रिशरण दिलं. मग डोळे मिटून, पहिल्या शीलाचा एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि."

मग रुचिताने ती ओळ उचलली आणि तिच्यामागून सगळा मांडव म्हणू लागला. परसरामच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते त्याने पुसलं नाही. सगळ्यांचं म्हणून होईपर्यंत तो ताठ उभा राहिला आणि मग त्याने दुसरं शील सांगायला घेतलं.